किती जण? एकच!

"जेवायला? डहाणूला?" ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "नाशकातली हॉटेलं संपली का?"

संपली नाहीत. पण नाशकात मिळणारी समुद्राची मासळी बर्फात बसून कसारा घाट चढून येते, आणि ओला बोंबील हा काही घाट चढायचा प्राणी नाही. शिवाय आमच्या घरी मासे चालत नाहीत. लग्नाला तीस वर्षं झाली, सासूबाई गेल्या त्यालाही सहा झाली, पण स्वयंपाकघराचा नियम त्यांच्या मागे तसाच उभा आहे. माझे वडील मूळचे वसईकडचे, नोकरीसाठी नाशिकरोडला प्रेसमध्ये आले. मुंबईहून कोणी पाहुणा यायचा असला की त्याच्या पिशवीत कपड्यांआधी बोंबील असायचे. त्यामुळे गेल्या मे महिन्यात शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मैत्रिणींनी काशीची चौकशी केली आणि मी मनात डहाणूची. जायचं एकटीने, राहायचं दोन रात्री, आणि एका दुपारी समुद्राजवळ बसून, कोणाला वाढायला न उठता, जेवायचं. एवढाच कार्यक्रम.

वार मात्र नीट बघून ठरवला. सोमवार, गुरुवार, शनिवार बरेच लोक मासे खात नाहीत, लहान खानावळीत त्या दिवशी माल कमी असतो. मी स्वतः गुरुवार पाळते. म्हणून गुरुवारी निघायचं, शुक्रवारी जेवायचं, शनिवारी परत. जून-जुलैत तर जाऊच नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात येतं ते फ्रीजमधलं. जानेवारी उत्तम.

गुरुवार : घाट उतरताना

सकाळी नाशकात अशी थंडी की सीबीएसवर, म्हणजे मधल्या एसटी स्टँडवर, माणसं चहाचा ग्लास पिण्यापेक्षा धरण्यासाठी घेत होती. स्वेटर, वर शाल, पिशवीत कोंडाजीचा चिवडा आणि अर्धा किलो द्राक्षं. हंगामाची सुरुवात, म्हणजे अजून थोडी आंबट. कोणाला द्यायची ते ठरलं नव्हतं, पण नाशिकच्या माणसाने जानेवारीत रिकाम्या हाताने कुठे जाऊ नये.

रस्ता त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत डहाणूला उतरतो, दीडशे किलोमीटरच्या आसपास. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, २०२३ च्या मार्चपासून. मी जव्हारला गाडी बदलली. थेट गाडीच्या वेळा स्टँडवर विचारून घ्याव्यात, मोबाइलवर दिसतात त्यांच्या भरवशावर राहू नये.

त्र्यंबक सोडताना ब्रह्मगिरी दिसला आणि दर वेळी पडतो तोच प्रश्न पडला. आमची गंगा (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) ह्या डोंगरावर उगवते. पश्चिमेचा समुद्र इथून हाकेच्या अंतरावर म्हणावा इतका जवळ. पण बाई त्याला पाठ दाखवतात आणि १४६५ किलोमीटर चालत पार बंगालच्या उपसागराला जातात. तिची शेजारीण वैतरणा याच डोंगररांगेत उगवते आणि निमूट पश्चिमेला अरबी समुद्रात उतरते. शाळेत मी हा पाठ कितीतरी वर्षं शिकवला. या खेपेला पहिल्यांदाच मी वैतरणेच्या बाजूची होते.

तोरंगणचा घाट उतरताना स्वेटर निघाला, मोखाड्यात शाल निघाली. जव्हारला स्टँडजवळ नागलीची भाकरी आणि उडदाचं घुटं खाल्लं. घुटं जिभेला चटका देणारं, पण भाकरी इतकी मऊ की वाढणाऱ्या बाईंना मी पीठ कसं मळता ते विचारलंच. "उकड काढायची ताई," त्या म्हणाल्या, "तुम्ही शहरात थंड पाण्यात मळत असाल." मळते. इथेच शिरपामाळ आहे. शिवाजी महाराज सुरतेच्या स्वारीला जाताना तिथे थांबले होते असं सांगतात. मी गेले नाही, माझी स्वारी वेगळी होती.

डहाणूला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. खोली पारनाक्याजवळ, साधी, स्वच्छ. मधल्या वारी भाव कमी असतो, शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी येते, कारण २०१३ पासून लोकलच डहाणू रोडपर्यंत धावते. खोली देणाऱ्या मुलाने वहीत नाव लिहून घेतलं आणि पेन तसंच धरून विचारलं, "आणि सर?" मी म्हटलं, सर नाशकात आहेत, कुकर लावत असतील. त्याने नीट ऐकून न घेता "१" लिहिलं.

संध्याकाळी समुद्रावर गेले तर समुद्र जागेवर नव्हता. ओहोटी. इकडचा किनारा इतका सपाट की पाणी आत जातं म्हणजे जातंच, मागे राखाडी, ओलसर, चकाकणारी जमीन सोडून. मुलं त्यावर क्रिकेट खेळत होती. सीमारेषा कुठली ते त्यांनाही माहीत नसावं. एका मुलाने मला चेंडू अडवायला सांगितला. मी अडवला नाही, अडवता आला नाही, आणि चौकार गेला.

शुक्रवार सकाळ : बोर्डीपर्यंत

सकाळी शेअर रिक्षाने बोर्डीला. नरपड, चिखले, घोलवड करत रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो. एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. या वाड्यांमध्ये पारशी आणि इराणी कुटुंबांचा मोठा वाटा. पारशांचं तर या भागाशी जुनं नातं, बोर्डीमागच्या बहरोटच्या डोंगरातल्या गुहेत त्यांनी आपला पवित्र अग्नी लपवून राखला होता. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला, उद्योगांवर बंधनं आली, म्हणूनही या वाड्या टिकल्या. औष्णिक वीजकेंद्राची चिमणी मात्र लांबून दिसत राहते, वर्गात एकच उंच मुलगा असावा तशी.

घोलवडला रस्त्याकडेच्या बाईकडून चिकू घेतले. मी दाबून बघायला लागले तर तिने हात धरला. "दाबू नका काकू. दाबलेला तुम्ही घेणार नाही, मग तो घेणार कोण?" बरोबरच होतं. तिनेच तीन ढीग करून दिले: आज खायचे, उद्या खायचे, नाशकात खायचे. तिन्ही अंदाज नेमके निघाले.

बोर्डीच्या किनाऱ्यावर भरती होती, समुद्र जवळ, बोलता येईल इतका. (टीप : भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आदल्या दिवशीची वेळ खोलीवर विचारून ठेवा, नाहीतर माझ्यासारखं पाण्याला शोधत फिरावं लागतं.) इथून गुजरातची हद्द अगदी जवळ आहे. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं, आणि त्याच वर्षी गुजरातने घोळ निवडला. हद्दीवरच्या पाण्यातल्या माशांना आपण कोणत्या राज्याचे हे कोण सांगतं कोण जाणे.

साडेअकराला पोटात कालवायला लागलं. परत फिरले.

शुक्रवार दुपार : ज्यासाठी आले ते

खानावळ मला रिक्षावाल्याने सांगितली. मी त्याला "चांगलं हॉटेल कुठलं" असं विचारलं नाही, "तुम्ही कुठे जेवता" असं विचारलं. घराच्याच पडवीत सहा टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पांढऱ्या फळ्यावर आजचा माल लिहिलेला: बोंबील, मांदेली, बोई, कोलंबी, सुरमई. पापलेट खोडलेलं. पडवीच्या टोकाच्या टेबलावरून सुरूच्या झाडांमधून समुद्राची एक पट्टी दिसत होती, चार बोटं रुंद.

"किती जण?" वाढप्या मुलाने विचारलं. विशीतला असेल.

"एकच."

"मागून येतायत?"

"नाही. एकच."

त्याने माझ्या मागे रस्त्यावर एकदा पाहिलंच. मग हात धुवायच्या बेसिनशेजारच्या दोन खुर्च्यांच्या टेबलाकडे बोट केलं. तिथे बसलं की प्रत्येक जण चूळ भरताना माझ्या ताटावर नजर टाकून जाणार. मी टोकाचं टेबल दाखवलं.

"ते चौघांचं आहे, मॅडम."

"चौघं आले की उठते."

बसले. आणि मग लक्षात आलं की एकटीने हॉटेलात जेवायला मी आयुष्यात पहिल्यांदा बसतेय. परीक्षेच्या ड्यूटीवर असताना डबा खाल्लाय, लग्नाच्या पंगतीत अनोळखी बायकांमध्ये जेवलेय, पण स्वतःहून, स्वतःच्या पैशाने, समोर कोणी नसताना, नाही. ऑर्डर देऊन झाल्यावरची ती दहा मिनिटं सगळ्यात अवघड. हातांचं काय करायचं कळत नाही. मी फळा दोनदा वाचला. मिठाची बाटली सरळ केली. पर्समधून पावती काढून ती वाचली. शेजारच्या टेबलावरची छोटी मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. तिने आईला मोठ्याने विचारलं, "त्या आजींचं कोणी नाही?" आईने तिच्या तोंडात घास कोंबला. मला हसू आलं आणि त्यानंतर सोपं झालं.

ताट आलं. दोन तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण, सोलकढी, कांदा, लिंबू, आणि वेगळ्या थाळीत चार बोंबील, सांगितल्याप्रमाणे. शिवाय मांदेलीची एक छोटी बशी, न सांगितलेली. "मालकिणीने दिलीय," मुलगा म्हणाला.

ओल्या बोंबलात सगळं पाणीच. तो नुसता तव्यावर टाकला तर विरघळून जातो. म्हणून उभा चिरायचा, मधला काटा काढायचा, मीठ लावून वजनाखाली दाबायचा. माझी आई पाट्याखाली दाबायची, वर वरवंटाही ठेवायची. पाणी सुटलं की हळद, तिखट, चिंचेचा कोळ, मग तांदळाचं पीठ आणि रवा. हे करताना घाई केली की वरून कुरकुरीत आणि आतून ओली फडकी असा प्रकार होतो, जो मी नाशकात दोनदा पैसे देऊन खाल्लाय. इथला बोंबील उचलला तर वाकला नाही. तोडला तर करकन आवाज आला आणि आत लोण्यासारखा. पहिला मी लिंबू न पिळता खाल्ला, दुसरा पिळून. तिसरा कालवणात बुडवून, जे पाप आहे, पण बघायला कोण होतं?

मांदेलीने खरी सोबत केली. बारीक काटे, एकेक वेगळा करायचा, बोटं गुंतलेली, डोळे गुंतलेले. फोन हातात घ्यायची सोय नाही, इकडेतिकडे बघायची गरज नाही. एकट्याने जेवणाऱ्याने काटे असलेला मासाच मागवावा. सुरमईचा तुकडा दोन मिनिटांत संपतो आणि मग परत मिठाची बाटली सरळ करायची वेळ येते.

दुसरी भाकरी अर्धी झाली आणि नेमकी गाडी येऊन थांबली. सहा जण उतरले, मुंबईचे असावेत, भुकेलेले तर नक्कीच. बाकी टेबलं भरलेली. वाढप्या माझ्याजवळ येऊन उभा राहिला. बोलला नाही, पुसायचं फडकं या हातातून त्या हातात करत राहिला. मी शब्द दिला होता. ताट उचलायला लागले तर आतून आवाज आला: "बसू दे रे त्यांना! जेवणाऱ्याला उठवतात का? त्यांना सांग, दहा मिनिटं समुद्र बघून या."

सहाही जण खरंच समुद्र बघायला गेले.

त्या मालकीणबाई मग भाताच्या वेळी स्वतःच बाहेर आल्या. साठीच्या, नाकात मोठी चमकी, पदर खोचलेला, समाजाने मांगेला, म्हणजे इकडचे मासेमार. समोरची खुर्ची ओढून टेकल्या. "एकटं माणूस आलं की मी मांदेली देते," म्हणाल्या, "नाहीतर ते घाईघाईने जेवून पळतं." म्हणजे बशीमागे विचार होता!

बोंबील तुमच्या होडीचे का, विचारलं. आता नाही, दिराची होडी आहे, म्हणाल्या. डोल जाळं लावतात: पिशवीसारखं, प्रवाहात खुंटांना बांधलेलं, भरती-ओहोटीचं पाणीच मासा आत आणून सोडतं. म्हणून जाळ्याची वेळ समुद्र ठरवतो, आणि खानावळीची वेळ जाळं. फळ्यावर पापलेट का खोडलंय तेही कळलं. सकाळी होतं, पण लहान होतं. "लहान पापलेट मी घेत नाही. आज बारकं खाल्लं तर पुढच्या वर्षी मोठं कुठून येणार?" मुंबईच्या त्या सहांपैकी एकाने नंतर पापलेटवरून बरीच हुज्जत घातली, तेव्हाही त्या हेच म्हणाल्या, थोड्या मोठ्या आवाजात.

मी नाशिकची म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "त्र्यंबकला आलेलो आम्ही. सासऱ्यांचा विधी होता. तीन दिवस." त्यांनी तीन बोटं माझ्यासमोर धरली. "तीन दिवस मासा नाही. सकाळी मिसळ, दुपारी मिसळ. पोट जळायचं. आमचे मालक गंगेच्या काठावर उभे राहून पाण्यात मासे बघत बसायचे. मी म्हटलं, बघू नका, ते देवाचे आहेत." आमच्या गावाची एवढी नेमकी समीक्षा मी कधी ऐकली नव्हती. मिसळीची बाजू घ्यायचा मी थोडा प्रयत्न केला. पापड, दही, मटकी, तर्री वेगळी मागता येते वगैरे. त्यांनी सहानुभूतीने ऐकून घेतलं. मी तीस वर्षं ज्याला उपास म्हणत आले तो ह्या बाईंनी तीन दिवस केला होता, आणि अजून विसरल्या नव्हत्या.

पिशवीतली द्राक्षं काढून दिली. त्यांनी एक तोंडात टाकलं, डोळे बारीक केले. "आंबट आहेत." मग दुसरं खाल्लं. "कालवणाला चालतील." हे गंमतीत होतं की खरंच घालणार होत्या ते मला अजून माहीत नाही.

बिल ३४० रुपये. मांदेलीचे पैसे घेतले नाहीत. सोलकढीचा दुसरा ग्लास मी समुद्राच्या त्या चार बोटं पट्टीकडे बघत, बराच वेळ लावून प्यायले. बाहेरचे सहा जण तोवर दोनदा समुद्र बघून आले होते.

एकटीने जेवायला जाणाऱ्या बायकांसाठी, अनुभवातून: एकच्या आधी पोचा. "एकच" हे मोठ्याने म्हणा, पुटपुटलात तर बेसिनशेजारी बसवतात. स्वयंपाकघरातून बायकांचा आवाज येत असेल ती जागा निवडा. रोख पैसे ठेवा, नेटवर्क जातं. आणि पांढरा कुर्ता घालू नका.

दुपारी झोपले. चार वाजेपर्यंत. हेही पहिल्यांदाच.

शनिवार : कोसबाड आणि पिशवी

सकाळी कोसबाडच्या टेकडीवर गेले. प्राथमिक शिक्षिका डहाणूला येऊन तिथे न जाता परतली तर लाज आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तेव्हाच त्यांच्याबरोबर आल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडला हललं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जायचं, ती अंगणवाडी. मूल गुरांमागे कुरणात असेल तर तिथे, ती कुरणशाळा. डीएडला हे चार गुणांचं उत्तर म्हणून पाठ केलं होतं. टेकडीवरून खाली पाडे विखुरलेले दिसतात, एकेक घर दुसऱ्यापासून लांब, आणि चढ उतरायला माझेच गुडघे दुखले, तेव्हा त्या दोघी रोज काय करत होत्या ते कळलं. तिथे भेटलेल्या एका तरुण बाईंनी वारली चित्रातली, तारपा हे फुंकवाद्य वाजवत नाचणाऱ्यांची गोल रांग समजावून सांगितली. पलीकडच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे ह्याच रेषांनी जगभर पोचले, २०११ साली पद्मश्री मिळाली. "रांग बंद करायची नाही," त्या म्हणाल्या, "कोणी उशिरा आलं तर?"

निघताना बाजारात सुके बोंबील घेतले. पाव किलो म्हणता म्हणता अर्धा. विकणारीने वर्तमानपत्रात गुंडाळले, त्यावर प्लास्टिक, त्यावर अजून एक प्लास्टिक. पुरत नाही, हे आधीच सांगते. झाकणाला रबर असलेला स्टीलचा डबा घरूनच न्या. जव्हारपर्यंत कोणी काही बोललं नाही, सगळेच ओळखीचा वास असलेले. मोखाडा सोडल्यावर खिडक्या बंद व्हायला लागल्या, थंडी वाढली, आणि बोंबलांनी तोंड उघडलं. वाहक बाई तिकिटं करत आल्या, माझ्या पिशवीजवळ थांबल्या, वाकल्या.

"सुके?"

"हो."

"कितीला?"

भाव सांगितला. "महाग घेतले ताई तुम्ही," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मागच्या सीटवरच्या माळकरी आजोबांनी मात्र त्र्यंबक येईपर्यंत नाकावरचा गमछा काढला नाही. त्यांची मी इथे माफी मागते.

सीबीएसवर हे घ्यायला आले होते, माकडटोपी घालून. पिशवी हातात घ्यायला पुढे झाले, थांबले, आणि चिकूची पिशवी घेतली.

"जेवलीस का?" म्हणाले.

"जेवले."

"एकटीच?"

"एकटीच."

पुढे काही विचारलं नाही. घरी आल्यावर बोंबलांचा डबा स्वयंपाकघरात ठेवायचा प्रश्नच नव्हता. तो आता गच्चीच्या जिन्यात आहे, वर विटेचं वजन ठेवून, मांजरांसाठी. गेल्या रविवारी मी गच्चीवरच सिगडी पेटवून चार भाजले. हे वर आले, कुंड्यांना पाणी घालायला म्हणून, जे ते कधीच घालत नाहीत. वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभे राहून बराच वेळ पाणी घालत होते.